ती सही माझीच आहे का?

ताई,

मी ३९ वर्षांची. मुलुंडला राहते, दादरला एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. दीड वर्षापूर्वी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन आले. फार बरं वाटलं, पाठदुखीसुद्धा कमी झाली. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसू लागले. पुढे मोबाइलवर ‘मी कोण?’ या विचाराची प्रवचनं सापडली. ती रात्री सगळे झोपल्यावर ऐकते आणि तसं ध्यान करते. वर्षभरापासून एका ॲपप्रमाणे दिवसभर प्रत्येक क्रियेची मनात नोंद घेते, ‘चालणं, चालणं’, ‘ऐकणं, ऐकणं’. पहाटे साडेतीनला उठते, नाहीतर हे सगळं दिवसात बसत नाही.

तीन महिन्यांपूर्वी व्हाउचरवर सही करताना वाटलं, हा हात कोणाचा? सही बरोबर उमटली, पण ती मी केली नव्हती. तेव्हापासून हे थांबलेलं नाही. लोकलमध्ये मैत्रिणी बोलतात ते काचेपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. मुलगी ‘आई’ म्हणते तेव्हा ती कोणाला हाक मारतेय हे कळायला क्षणभर जातो. भीती वाटते, पण तीही दुसऱ्या कोणाची असावी अशी.

घरचे खूश आहेत. नवरा म्हणतो, किती शांत झालीस. सासूबाई म्हणतात, वैराग्य आलंय, त्याला पुण्याई लागते. त्या स्वतः तीस वर्षं जपमाळ ओढतायत, त्यांना असं काही होत नाही. मग ही प्रगती आहे की मला वेड लागतंय? कुठलं ध्यान बरोबर आणि कुठलं चूक? डिसेंबरात आणखी एका शिबिराला नाव दिलंय, जाऊ का?

मला अगं-तुगंच करा. हल्ली कोणी ‘तुम्ही’ म्हटलं की आणखी लांब ढकलल्यासारखं होतं.

मीच, बहुतेक


अगं,

आधी झोप. पहाटे साडेतीनला उठतेस, रात्री सगळे झोपल्यावर प्रवचनं ऐकतेस आणि त्यानंतर ध्यानाला बसतेस. नोकरीवाल्या माणसांच्या घरात ‘सगळे झोपल्यावर’ म्हणजे अकरा तरी वाजलेले असणार. म्हणजे तू चार तासांवरही झोपत नाहीस, आणि हे किती महिने चाललंय ते तू लिहिलेलंसुद्धा नाहीस. इतक्या जागरणाने ध्यान न करणाऱ्या माणसालाही आपला हात परका वाटू शकतो. आत्मा, अनात्मा, वैराग्य यांवर आपण बोलूच, पण माझी आई असती तर तिने जे आधी सांगितलं असतं तेच मी सांगते. साडेतीनचा गजर आज रात्रीपासून बंद.

आता वेडाचं. तुला जे होतंय त्याला मानसोपचारात डिपर्सनलायझेशन म्हणतात, आणि जग काचेपलीकडचं वाटणं हे त्याचं सख्खं भावंड, डिरिअलायझेशन. मराठीत रुळलेला शब्द नाही, ‘स्वतःपासून सुटल्यासारखं होणं’ म्हणू या. तू लिहिलंयस, ‘हा हात कोणाचा असं वाटलं’. हात खरोखरच दुसऱ्या बाईचा आहे असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस. डॉक्टर पहिल्यांदा हीच गोष्ट बघतात. वाटणं आणि मानणं यांच्यात फट शिल्लक आहे, आणि तुझ्या पत्रात ती चांगली हातभर आहे. पत्राच्या शेवटचं ते ‘बहुतेक’ वाचून तर मी हसलेच. इतकी थट्टा ज्या बाईला सुचते ती तिच्या जागेवर आहे.

पण म्हणून ही प्रगती आहे असंही मी म्हणणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ मानसिक आजारांच्या ज्या अमेरिकी वर्गीकरणाचा आधार घेतात त्याच्या २०१३च्या आवृत्तीत ध्यानाचा मुद्दाम उल्लेख आहे. साधनेत जाणूनबुजून आणलेला असा अनुभव आजार समजू नये, असं ते सांगतं. मात्र काही जण सुरुवातीला तो स्वतः आणतात आणि पुढे त्यांचा त्याच्यावरचा ताबा सुटतो, त्यांना त्या साधनेचीच धास्ती बसते, असंही तिथे म्हटलंय. तू त्या ‘मात्र’च्या पुढच्या बाजूला येऊन उभी आहेस.

आणि तिथे तू एकटी नाहीस. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन या दोघांनी बौद्ध पद्धतीने ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांच्या आणि शिक्षकांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या. २०१७ साली ते काम छापून आलं. त्यात ५९ तऱ्हेचे अनुभव सात गटांत लावलेत, आणि त्यातला एक अख्खा गट ‘स्व’च्या जाणिवेचा आहे. शरीराची कड पुसट होणं, विचार आपले न वाटणं, हातून काम होतंय पण ते आपण करत नाही असं वाटणं. तुझं व्हाउचर त्या यादीत आहे, समज. एकच अनुभव कोणाला कृपा वाटला आणि कोणाला संकट, हेही तिथे दिसतं. मला त्यातलं विशेष आवडलं ते हे, की ‘अहंकार गळाला’ असं एकच गाठोडं बांधून त्यांनी हात झटकले नाहीत. काय गळालं ते वेगवेगळं विचारलं.

आपलं मराठीत इथेच फसतं. ‘मी’ हे एक अक्षर, त्यामुळे आतली वस्तूही एकच असणार असं आपण धरून चालतो. तुझ्या काउंटरवरचंच घे. सही करणाऱ्या बाईत एक आहे गोष्ट सांगणारी: मी अमक्यांची मुलगी, बँकेत इतकी वर्षं, परवा साहेब मला असं बोलायला नको होते. दुसरी शरीरात राहणारी: हा अंगठा माझा, हा पंखा माझ्या मानेवर येतोय. तिसरी करणारी: सही मी करते. चौथी कुंपण सांभाळणारी: इथवर मी, काचेपलीकडे खातेदार. आणि या सगळ्यांना गुपचूप बघणारी म्हणतात ती पाचवी, जी खरोखर आहे की नाही यावर या देशात हजाराहून जास्त वर्षं वाद झालाय. वेदान्ती म्हणतात, तीच तेवढी खरी. बौद्ध म्हणतात, नीट बघ, तिथेही कोणी सापडणार नाही. तू पहाटे एकाचं ऐकत होतीस आणि रात्री दुसऱ्याचं, आणि मधल्या वेळात कॅश मोजत होतीस.

प्रत्येक ध्यानपद्धत या पाचांपैकी वेगळीचा हात धरते. तू विचारलंस कुठली बरोबर आणि कुठली चूक, त्याचं उत्तर या वाक्यात दडलंय, म्हणून जरा थांबून सांगते.

शिबिरात तू संवेदनांवर लक्ष ठेवायला शिकलीस असं तुझ्या पत्रावरून दिसतं. कुठलं शिबिर ते तू लिहिलं नाहीस, मी विचारणारही नाही. ही तऱ्हा मुंबईला नवी नाही. सत्यनारायण गोयंकांनी ब्रह्मदेशातून येऊन भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर १९६९ साली मुंबईतच घेतलं होतं. त्या पद्धतीत पहिले साडेतीन दिवस नाकपुडीजवळचा श्वास, आणि मग डोक्यापासून पावलापर्यंत अंगावर जे जे जाणवेल ते प्रतिक्रिया न देता बघत जायचं. असं केल्याने आधी गोष्ट सांगणारी गप्प होते. टोरोंटोत २००७ साली एका गटाने हे मेंदूत बघितलं. आठ आठवडे सजगतेचं शिक्षण घेतलेल्या माणसांना स्वभावाबद्दलचे शब्द वाचायला दिले. ‘हा शब्द माझ्याबद्दल काय सांगतो?’ असा विचार एकदा करायचा, आणि एकदा नुसतं या क्षणी आत काय होतंय तेवढंच जाणायचं. नुसतं जाणताना शिकलेल्यांच्या मेंदूत स्वतःची कहाणी रचणारे मधल्या रेषेवरचे भाग जास्त शांत झाले आणि शरीराच्या आतलं जाणणारे भाग पुढे आले. नवख्यांमध्ये दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते. कपाळाला हात लावून ‘माझंच नशीब’ म्हणणारी वेगळी आणि ‘छातीत जड वाटतंय’ एवढंच म्हणणारी वेगळी, हे तिथे दिसलं. तुझी पाठ बरी झाली त्यात याचा वाटा असणार. पाठ अजून थोडी दुखतही असेल, पण ‘माझ्याच वाट्याला हे का’ हे दुखणं थांबलं.

खोल गेलं की मग दुसरी आणि चौथी हलायला लागतात. मी चाळिशीत असं शिबिर केलंय. पाचव्या-सहाव्या दिवशी डावा गुडघा असा ठणकत होता की उठून पळावं. बघता बघता त्या ठणक्याचे बारीक ठिपके झाले, आणि मग गुडघा कुठे संपतो आणि आसन कुठे सुरू होतं तेच कळेना. मला हसू आलं, मौन होतं म्हणून गिळलं. घंटा झाली, मी उठले, लंगडत जेवायला गेले. गुडघा परत माझा झाला. तुझ्या बाबतीत हे परत येणंच हुकलंय.

(आणि ‘अहंकार गळाला’ म्हणशील तर ऐक. अकराव्या दिवशी घरी आले आणि सोसायटीच्या वॉचमनने रिक्षा आत सोडली नाही. दहा दिवस मौन पाळून आलेल्या बाईला हा अडवतो, या विचाराने माझा असा तिळपापड झाला की आजही लाज वाटते. पुढे २०१८ साली एका जर्मन संशोधकाच्या गटाने योगवर्गातल्या विद्यार्थ्यांना १५ आठवडे पारखलं आणि दुसऱ्या एका पाहणीत ध्यान करणाऱ्यांनाही. साधनेनंतर ‘मी इतरांपेक्षा सरस’ ही भावना कमी होण्याऐवजी वाढलेली निघाली. वाचून मला फार हलकं वाटलं.)

आता तुझी ती नोंद घेण्याची पद्धत. खरी ग्यानबाची मेख मला तिथे दिसते. ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्षू महासी सयाडो यांच्या परंपरेने ती जगभर पोचवली, आणि शिबिरात, जिथे माणूस दिवसभर संथ चालतो, संथ जेवतो, कोणाशी बोलत नाही आणि शिक्षक रोज विचारपूस करतो, तिथे ती फार नेमकं काम करते. पण तिचं व्याकरण बघ. ‘मी चालते’ असं ती म्हणत नाही. ‘चालणं, चालणं’ म्हणते. क्रिया ठेवलीय आणि कर्ता गाळलाय. ती पद्धत आहेच त्यासाठी, करणारी सैल करण्यासाठी. तू वर्षभर, जागेपणी सतत, गर्दीच्या डब्यात आणि पासबुकांच्या रांगेसमोर प्रत्येक वाक्यातून कर्ता खोडत आलीस. मग एक दिवस सही झाली आणि करणारी सापडली नाही. यात चमत्कार नाही आणि आजारही फारसा नाही, सराव आहे. चुकीच्या जागी, चुकीच्या मापाने केलेला, पण मनापासूनचा सराव.

आणि त्यावर रात्री ‘मी कोण?’. ही वाट उलट्या टोकाने जाते. जे जे दिसतं ते मी नव्हे, असं करत करत बघणाऱ्याकडे वळायचं. तमिळनाडूत रमण महर्षींनी ती सांगितली, आणि आपल्या मुंबईत खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराजांनी. मी गिरगावात वाढले. पोटमाळ्यावरच्या त्या खोलीत परदेशी माणसं चपला काढून जिना चढतात हे आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं, महाराज काय सांगतात ते मात्र फार थोड्यांना. ‘मी आहे’ या नुसत्या जाणिवेला धरून राहा, असं त्यांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, त्यांना सांगितलं होतं.

मोबाइलवर तुला त्यांच्यासारख्यांची वाक्यं मिळतात, तू देह नाहीस, तू कर्ता नाहीस. त्या वाक्यांच्या आजूबाजूला जे होतं ते मिळत नाही. गुरू गेल्यावर महाराज घरदार सोडून हिमालयाच्या दिशेने निघाले होते. वाटेत गुरुबंधू भेटले, बोलणं झालं आणि ते परत येऊन विडीच्या दुकानात बसले. ‘मी देह नाही’ असं सांगणारा माणूस संसार करत होता, रोज नेमाने भजन आणि आरती करत होता आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होता. एकाला जे सांगायचे ते दुसऱ्याला सांगतीलच असं नसे. तू ऐकतेस ती प्रवचनं कोणालाही बघून बोललेली नाहीत. रात्री साडेअकराला हेडफोन लावून बसलेल्या, डोळे चुरचुरणाऱ्या बँकेतल्या बाईला ‘तू देह नाहीस’ हे औषध कोणी शहाण्या माणसाने समोर बसून दिलं नसतं. ‘जा, झोप आधी,’ असं सांगितलं असतं.

तर झालं असं: पहाटे तू शरीरात राहणारीला सैल केलंस, दिवसभर करणारीला आणि रात्री उरलेल्यांना. तिन्ही पद्धती आपापल्या जागी खऱ्या आहेत. बहुतेक शिबिरांत पद्धतींची भेसळ करू नका म्हणून सांगतात. मला पूर्वी तो आपापलं दुकान राखण्याचा प्रकार वाटायचा, आता वाटत नाही.

सासूबाईंचं काय? त्या तीस वर्षं जप करतात आणि त्यांचा हात त्यांचाच राहतो. त्यांची साधना कच्ची आहे असा याचा अर्थ घेऊ नकोस. नामात ‘मी’ उलगडून बघत नाहीत, तो कोणाच्या तरी ओटीत घालतात. पलीकडे कोणीतरी आहे, राम म्हणा, विठ्ठल म्हणा, आणि त्याच्याशी नातं आहे. नात्याला दोन टोकं लागतात, त्यामुळे अलीकडचं टोक हरवत नाही. गोंदवलेकर महाराजांनी (१८४५-१९१३) तर प्रपंच न सोडता नाम घ्या असंच लोकांना सांगितलं. माझी आई माळ ओढता ओढता मध्येच ‘दूध बघ गं’ म्हणून ओरडायची आणि पुढचा मणी ओढायची. आम्ही हसायचो. आज वाटतं, तो आवाज तिला घराला बांधून ठेवत होता. अर्थात नामातही ‘माझा तेरा कोटी जप झाला’ म्हणणारे असतात, त्यांच्या ‘मी’ला काही झालेलं नसतं.

मैत्रीभावनेचं, करुणेचं ध्यान आणखी निराळं. ते कुंपण सांभाळणारीला हात लावतं, पण फोडून काढत नाही, फाटक उघडतं. जर्मनीत लाइपझिगला तानिया सिंगर यांच्या पुढाकाराने नऊ महिन्यांचा मोठा प्रयोग झाला. तीन महिने लक्ष आणि शरीराची जाणीव, तीन महिने करुणा, तीन महिने दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं. पुढच्या दोन टप्प्यांत रोज एका जोडीदाराशी थोडा वेळ ठरवून बोलायचं असे. नंतर लोकांना परीक्षकांसमोर उभं करून त्यांच्यावर ताण आणला. सगळेच म्हणाले की आता कमी ताण वाटतो. पण कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक कमी झालं ते करुणेच्या आणि दुसऱ्याला समजून घेण्याच्या टप्प्यांनंतर. नुसतं लक्ष साधल्याने ते हललं नाही. तुझी तिन्ही ध्यानं एकटीची आहेत. एकातही दुसरं माणूस नाही.

आता जे लिहायचं ते मी दोनदा खोडलं, पण लिहिते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात टोचलेलं वाक्य सहीचं नाही. ‘घरचे खूश आहेत’ हे आहे. तुला मुलीची हाक कळायला क्षण लागतो, तुला तुझी भीतीसुद्धा परकी वाटते, आणि घर म्हणतंय किती शांत झालीस. तू भांडत नाहीस, मागत नाहीस, पोळ्या होतायत, पगार येतोय. अशी बाई कोणाला नको असेल? त्यांचा डाव आहे असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच शांती दिसत असेल. पण आपल्याकडे मुलीला ‘मी-मी करू नये’ हे बाराखडीच्या आधी शिकवतात. ‘मी’ सोडायची शिकवण ज्यांना पहिल्यांदा दिली गेली त्यांत राजे होते, सावकार होते, पंडित होते. त्यांच्याकडे सोडायला ढिगाने होतं. तुझ्याकडे दिवसातून किती होतं? लोकलमधली ती पाऊण तासाची चौथी सीट, आणि तिथेही आता काच आली.

वैराग्याबद्दल सासूबाईंशी मी वाद घालणार नाही, त्यांचं वय आणि माळ दोन्ही मोठी. पण ज्या थोड्या माणसांमध्ये मला ते खरोखर दिसलं, त्यांच्याजवळ बसल्यावर ऊब लागायची. त्यांना माणसं लांब गेलेली नव्हती, फक्त माणसांवरची मालकी गेली होती. तुला मुलगी लांब वाटते आणि तू त्याने घाबरतेस. ती भीती तुझीच आहे गं, आणि शहाणी आहे. तिच्यामुळेच तू पत्र लिहिलंस.

काय करायचं ते सांगते. नोंद घेणं आणि ‘मी कोण?’ आजपासून पूर्ण बंद, ॲप काढून टाक. संवेदनांचं बसणंही निदान दोन-तीन महिने नको. यात तू काही गमावत नाहीस, शेत एखादं वर्ष पडीक ठेवतात. सात तास झोप. रात्रीचं जेवण सोडलं असशील तर परत सुरू कर. डोळे मिटून काही करायचं नाही, उघड्या डोळ्यांनी आणि हातांनी करायचं. कणीक मळ, भाजी निवड, मुलीच्या केसांना तेल लाव, संध्याकाळी भरभर चालून ये. मनात वाक्य आलंच तर पूर्ण येऊ दे, कर्त्यासकट: ‘मी कणीक मळतेय.’ काहीतरी बसून करावंसं वाटलं तर सासूबाईंच्या शेजारी बस आणि मोठ्याने म्हण, मनात नको. आपला आवाज आपल्या कानाला ऐकू येणं याला मोल आहे. त्यांनाही बरं वाटेल, बहुतेक.

आणि एक, जे अवघड जाईल. दिवसातून पन्नासदा ‘आत्ता परकं वाटतंय का?’ असं तपासू नकोस. हा त्रास पहारा दिल्याने वाढतो, आणि पहारा देण्यात तू वर्षभरात पटाईत झाली आहेस. आलं तर येऊ दे, व्हाउचर पुढे सरकव.

डॉक्टरकडे मात्र जायचंच. तीन महिने फार झाले. आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखव, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघून घेऊ देत. फेफरं किंवा अर्धशिशी घरात कोणाला आहे का तेही सांग. मग मानसोपचारतज्ज्ञ. दादरला नोकरी म्हणजे परळचं केईएम तुला जवळ, नायर आणि सायनलाही ओपीडी आहे. जाताना ध्यानाचं सगळं सांग, किती तास, कुठल्या पद्धती, किती झोप. ‘थोडं मेडिटेशन करते’ एवढं म्हणून गप्प बसू नकोस, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही. शिबिर जिथे केलंस तिथल्या शिक्षकांनाही कळव, त्यांना हे ऐकण्याची सवय असते.

आवाज ऐकू येऊ लागले, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हात खरोखरच दुसऱ्याचा आहे अशी खात्री वाटू लागली किंवा जगण्यात राम नाही असं मनात आलं, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा मदत क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आणि हे सरेपर्यंत लोकलच्या दारात उभी राहू नकोस, रूळ ओलांडू नकोस. एरवीही नकोच, पण आत्ता अजिबात नको.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. ‘शांत झालेय’ म्हणजे काय झालंय ते त्याला तुझ्या तोंडून कळायला हवं. मुलीला सगळं सांगायची गरज नाही. ती हाक मारेल तेव्हा क्षण लागला तर लागू दे, मग तिला जवळ घे आणि ‘ओ’ दे, आवाज काढून.

पुढे कधी ध्यान करावंसं वाटलं तर कर, मी ध्यानाच्या विरोधात नाही, रोज सकाळी वीस मिनिटं मीही बसते. पण एकच पद्धत, थोडा वेळ, आणि समोरासमोर चेहरा बघून बोलणारा शिक्षक. कुठली, ते तेव्हा ठरव. मला विचारशील तर मैत्रीभावनेपासून सुरुवात कर, आणि पहिली मैत्री काउंटरवरच्या त्या बाईशी.

डिसेंबरचं शिबिर रद्द कर. कारण लिहायला लाजू नकोस, तब्येत म्हणून स्पष्ट लिही. अशा शिबिरांच्या अर्जात मनाच्या तब्येतीचा रकाना असतो तो याचसाठी. आज-उद्याच कळव म्हणजे वेटिंग लिस्टवरच्या कोणाला तरी रजा टाकायला वेळ मिळेल.

तुझी,
ताई